क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन: सूड नेमका कोणाचा, आणि जेनने उडी का मारली?

रानवाट

(शेवटासकट सगळं उघड केलं आहे. चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहा, मग या.)

परवा रात्री हा चित्रपट पुन्हा पाहिला. २००० सालचा, अँग लीचा. त्याला चार ऑस्कर मिळाली, बांबूच्या शेंड्यांवरची लढाई जगभर गाजली, त्यावर भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते त्यातल्या माणसांबद्दल. दर वेळी शेवटचं दृश्य संपलं की मी बराच वेळ तशीच बसून राहते आणि दर वेळी एखादा नवाच प्रश्न छळायला लागतो.

गोष्ट वरवर सरळ सुडाची आहे. चिंग राजवटीतला चीन. वुदांग पर्वतावरच्या गुरूला जेड फॉक्स नावाच्या बाईने विष घालून मारलंय आणि तिथलं विद्येचं पुस्तक घेऊन ती पसार झालीय. शिष्य ली मू बायच्या माथी गुरूच्या खुनाचा बदला आहे. शेवटी ती त्याच्या हातून मरते, तिच्या सुईच्या विषाने तोही जातो. हिशेब पुरा.

पण सुरुवात आठवा. हा माणूस ध्यान अर्धवट टाकून डोंगर उतरून आलाय आणि आपली ग्रीन डेस्टिनी तलवार देऊन टाकायला निघालाय. त्याची जुनी सोबतीण शू लिएन, जिच्यावर त्याचं अव्यक्त प्रेम आहे, तिच्यासमोर तो स्वतःच कबूल करतो की गुरूच्या खुनाचा बदला अजून घेतलेला नाही आणि तरी हे सगळं सोडायचं मनात आहे, त्याबद्दल गुरूची क्षमा मागावी लागेल. म्हणजे सूडकथेचा नायक पहिल्याच प्रसंगात सुडावर पाणी सोडायला तयार आहे. मग तो पुढे लढतो ते कशासाठी?

माझं मत असं होत चाललंय की या चित्रपटात खरा धगधगणारा सूड एकच आहे आणि तो जेड फॉक्सचा आहे. रात्री टेकडीवरच्या लढाईत ती ली मू बायला तोंडावर सांगते: तुझ्या गुरूला मी अंथरुणात चालत होते, शिष्या म्हणून चालत नव्हते, बाईच्या हातून मेला ते योग्यच झालं. ली मू बाय यावर गुरूची बाजू घेत नाही, आरोप खोटा आहे असंही म्हणत नाही. इतकी वर्षं चोरून शिकलीस तरी तुझे डाव कच्चेच राहिले, असं उलट तिला हिणवतो. जिथे तिचं दुखतं नेमकं तिथेच बोट ठेवतो. आणि तिचे डाव कच्चे का राहिले? कारण कोणी शिकवलं नाही म्हणून.

आपल्याकडे म्हणतात, वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो. इथे उलटं झालंय. चोरलेल्या पुस्तकातली चित्रं फॉक्सला कळली, मजकूर उमगला नाही. तिची छुपी शिष्या, राज्यपालाची मुलगी जेन, हिला लहानपणापासून वाचता येत होतं. तिने मजकूर वाचला, पुढे गेली आणि वस्तादिणीला कळू दिलं नाही. डाव शिष्येने राखला.

हे एकदा मनात बसलं की बाकीचे प्रश्न जास्तच गुंततात. जेनने तलवार चोरली कशाला? ली मू बाय आपणहून शिकवायला तयार असताना ती त्याच्यापासून पळते का? फॉक्सची ती शेवटची सुई नक्की कोणासाठी होती? शू लिएनने जेनला जिवंत का सोडलं? आणि ती उडी. तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा.

शब्दखूण

छान विषय काढलात. आधी थोडं भाषेबद्दल, कारण त्याने अर्थाला फरक पडतो.

‘लपलेला वाघ, दडलेला ड्रॅगन’ हा चिनी भाषेतला रुळलेला वाक्प्रचार आहे. जिथे वरवर काही दिसत नाही पण एकाहून एक गुणी माणसं दडून बसलेली असतात, अशा जागेबद्दल तो वापरतात. शिवाय चित्रपटात एक खुबी आहे जी उपशीर्षकांत हरवते. जेनचं चिनी नाव जियाओलोंग, त्यातला ‘लोंग’ म्हणजे ड्रॅगन. लो, म्हणजे जेनचा वाळवंटातला प्रियकर, त्याचं नाव शियाओहू, त्यातला ‘हू’ म्हणजे वाघ. म्हणजे शीर्षकात ही दोन तरुण माणसं आहेत. ली मू बाय आणि शू लिएन आपल्याला नायक-नायिका वाटतात, पण गोष्टीचं नाव त्यांच्यावरून नाही.

जेनच्या हेतूंचा विचार करताना मला तिचा सुलेखनाचा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो. शू लिएन भेटायला आलेली, जेन कुंचल्याने तिचं नाव लिहून दाखवते. शू लिएन म्हणते, माझं नाव ‘तलवार’ या अक्षरासारखं दिसतं हे मला कधी जाणवलं नव्हतं. दोघींच्या डोळ्यांत त्या क्षणी काय चाललंय ते बघा. शू लिएनला मनगटाची ती सफाई ओळखीची वाटतेय. आणि जेन? माझ्या मते तिला ओळखलं जायचंच होतं. राज्यपालाच्या घरातली, लग्न ठरलेली मुलगी, रोज नटवून बसवलेली. तिच्याकडे एवढी विद्या आहे आणि ती पाहणारं जगात कोणी नाही. चोरी मला त्या बाजूने दिसते. तलवार हवी होती म्हणून चोरली नसावी. आपण कोण आहोत हे एकदा तरी कोणाला तरी दिसावं म्हणून चोरली.

रानवाट

शब्दखूण, हे पटलं. आणि मग शू लिएन चहाचा पेला मुद्दाम निसटू देते, जेन तो हवेतच पकडते. पकडल्यानंतरचा तो अर्धा क्षण. सापडल्याची भीती तर आहेच, पण मला तिथे थोडं समाधानही दिसलं होतं. तुमच्यामुळे आता कळतंय का ते.

अबोली

मी आयुष्यभर शिकवण्याचं काम केलं, म्हणून माझं लक्ष त्या दोघींकडेच जातं, फॉक्स आणि जेनकडे. बाकी सगळे मला मागचे लोक वाटतात.

जेन एकदा फॉक्सला सांगते की तुला वाईट वाटू नये म्हणून मी माझी विद्या लपवली. आणि पुढे असं म्हणते की तुझ्याकडून मी लहानपणी लपूनछपून शिकायला लागले, तू मला जियांगहूचं वेड लावलंस, पण ज्या दिवशी कळलं की आपण तुझ्या पुढे गेलोय त्या दिवशी मी घाबरले. मला वाट दाखवणारं, शिकवणारं कोणी उरलं नाही. (जियांगहू म्हणजे शब्दशः नद्या आणि तळी. राजाच्या कायद्याबाहेरचं, तलवारबाजांचं आणि भटक्यांचं जग.)

हे ‘घाबरले’ ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. कारण मी असं मूल पाहिलंय. गणितातलं एक उदाहरण मी फळ्यावर लांबच्या रीतीने सोडवत होते आणि पहिल्या बाकावरची मुलगी वहीत दोन ओळींत सोडवून बसली होती. मी वळले तशी तिने वहीवर हात ठेवला. हुशारी दाखवायची सोडून झाकली. मी वही मागितली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अपराधी भाव होते, जसं काही तिने माझं काही घेतलं होतं. शिकवणाऱ्याच्या पुढे जाणं ही मुलांना आनंदाची गोष्ट वाटत असेल असं आपण समजतो. त्यांना आधार सुटल्यासारखं होतं.

फॉक्स मरताना म्हणते, विष म्हणजे काय माहीत आहे? कपटाने भरलेली आठ वर्षांची मुलगी, ते विष. दहा वर्षं मी हिच्यावर घालवली आणि हिने पुस्तकाचा खरा अर्थ माझ्यापासून दडवला. आठ वर्षांच्या मुलीत असं काय कपट असणार? तिला वाचता येत होतं, एवढाच तिचा गुन्हा. पण फॉक्सच्या बाजूने बघितलं तर आयुष्यात दुसऱ्यांदा तिच्या तोंडावर तेच दार बंद झालं. पहिल्यांदा पुरुषाने केलं, दुसऱ्यांदा जिला लेकीसारखं वाढवलं तिने. मला दोघींचंही खरं वाटतं आणि त्यामुळेच ते दृश्य बघवत नाही.

पडद्यामागे

अबोलीताई, +१००.

फॉक्सबद्दल एक गोष्ट जोडतो. ती भूमिका चेंग पेई-पेईने केलीय. १९६६ साली किंग हू या दिग्दर्शकाच्या ‘कम ड्रिंक विथ मी’मध्ये तिने तलवारबाज तरुणीचं काम केलं होतं, सराईत गुंड बसलेल्या खाणावळीत पुरुषी वेशात एकटी शिरणारी. त्या चित्रपटाने तिला या प्रकारातली बिनीची नायिका केलं. चौतीस वर्षांनी तिलाच अँग लीने फॉक्स केलं, आणि पुरुषी वेशात खाणावळीत शिरून सगळ्यांना लोळवण्याचा प्रसंग आता जेनच्या वाट्याला आला. ज्यांनी दोन्ही पाहिलेत त्यांना कळेल की जेन आणि फॉक्स ही एकाच मुलीची दोन वयं आहेत. एकीला दार उघडलं नाही तर तिचं काय होतं, ते दुसरीच्या रूपात शेजारीच उभं आहे.

ली मू बायलाही हे दिसतंय. शू लिएन म्हणते, वुदांगवर बायकांना घेत नाहीत. तो म्हणतो, हिच्यासाठी अपवाद करतील, नाहीतर ही विषारी ड्रॅगन होईल अशी भीती वाटते. म्हणजे फॉक्स कशी तयार झाली हे त्याला पक्कं माहीत आहे. गुरूच्या चुकीबद्दल तो तोंडाने काही बोलत नाही, पण जेनला शिकवायचा त्याचा ध्यास ही त्या चुकीची भरपाई आहे असं मी मानतो. त्याचा खरा सूड हाच असावा. गुरूच्या मारेकरणीला मारण्यापेक्षा ती जशी झाली तशी आणखी एक होऊ न देणं.

कोरा कागद

पडद्यामागे, तुम्ही ली मू बायला फार उदात्त करून ठेवलंय. माझा याला साफ विरोध आहे.

बांबूच्या बनातलं दृश्य पुन्हा पाहा. ते दोघं फांद्यांवर झुलतायत, लढाई जवळजवळ थांबलीय, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो. त्याची नजर गुरूची आहे का? नंतर गुहेत औषधी धुराने गुंगलेली, भिजलेली जेन त्याला विचारते: तुला मी हवीय की तलवार? तिने सरळ प्रश्न विचारला आणि चित्रपटाने त्याचं उत्तर दिलेलं नाही. इतकी वर्षं शू लिएनचा साधा हात धरायचं धाडस नसलेला माणूस एका अनोळखी मुलीमागे डोंगर-जंगलं पालथी घालतो, मग तिची तलवार काढून धबधब्यात फेकतो. हे सगळं निव्वळ शिष्या मिळावी म्हणून?

आणि ध्यानाचा प्रसंगही विसरू नका. तो म्हणतो, मी खोल शांततेत पोचलो, भोवती प्रकाश होता, काळ-जागा नाहीशी झाली, पण आनंद झाला नाही. न संपणारं दुःख दाटून आलं. काहीतरी मागे खेचत होतं. जो माणूस मनातली इच्छा अशी आयुष्यभर दाबून बसलाय, त्याच्या सगळ्या चांगल्या हेतूंमध्ये ती इच्छा मिसळलेली असणारच. जेन त्याच्यापासून पळते ते मला बरोबर वाटतं. तिने फॉक्सकडून ऐकलंय वुदांगचा गुरू बाईला काय देतो आणि काय देत नाही. तिने ली मू बायवर विश्वास का ठेवावा?

रानवाट

कोरा कागद, तुमचा शेवटचा मुद्दा मला आजवर सुचला नव्हता आणि तो फार मोठा आहे. टेकडीवरच्या लढाईत फॉक्स ते बोलून जाते, आणि बुरखा बांधलेली जेन त्याच लढाईत फॉक्सला वाचवायला उतरते. तिने ते ऐकलं असो वा नसो, जिच्या हाताखाली ती वाढली ती बाई या दुखण्यातूनच घडलेली होती. वुदांगचं नाव तिच्या कानावर पडलं तेच त्या चवीसकट. त्यामुळे ली मू बाय जेव्हा म्हणतो की मला गुरू मान, तेव्हा तिला त्यात सापळाच दिसणार. ती त्याला तोंडावर म्हणतेही की वुदांग म्हणजे कुंटणखाना आहे. मी हे वाक्य आजवर उद्धट मुलीची फटकळ शिवी म्हणून सोडून देत होते. ती शिवी फॉक्सच्या जखमेतून आलीय.

पण त्याच्या इच्छेबद्दल मी तुमच्याइतकी ठाम नाही. शू लिएनबरोबर तो डोंगरातल्या मंडपात बसलाय, तिचा हात गालाशी धरतो. म्हणतो, आपण ज्याला स्पर्श करतो ते काहीच टिकत नाही, सोडून दिलं तरच खरं ते आपलं होतं. ती विचारते, माझा हात खरा नव्हता का? आणि तो त्या हाताचं वर्णन करतो: पात्याच्या सरावाने घट्टे पडलेला, खरखरीत, आणि इतक्या वर्षांत मला याला स्पर्श करायचं धाडस झालं नाही. ज्याला दुसऱ्याच्या तळहातावरचे घट्टे इतकी वर्षं दुरून पाठ झालेत, त्याचं मन कुठे आहे याबद्दल मला शंका नाही. जेनमध्ये तो स्वतःचं तारुण्य बघत असेल. सगळे नियम पाळून आपण काय गमावलं हे त्याला कळलंय आणि ही मुलगी एकही नियम पाळत नाही. ओढ त्या बेधडकपणाची आहे, तिच्या शरीराची असलीच तरी त्यामानाने थोडी.

कोरा कागद

थोडी का होईना, आहे एवढं मान्य केलंत तर माझं भांडण नाही. माझं म्हणणं इतकंच की जेनला ते जाणवतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला असं पटकन जाणवतं.

तिसरी रांग

सगळे गुरू-शिष्येत रमलेत, पण या चित्रपटात एक सूड असाही आहे ज्याची कोणी दखलच घेत नाही. पोलीस निरीक्षक त्साय आणि त्याची मुलगी मे. फॉक्सने त्साईच्या बायकोला मारलंय. बाप-लेक दोघं वेश पालटून, रस्त्यावर कसरतींचे खेळ करत राजधानीत येऊन राहिलेत. मध्यरात्री टेकडीवर फॉक्सला गाठतात आणि तिथे त्साय मरतो. आधी आई गेली, आता डोळ्यांदेखत बाप. चित्रपटात सुडाचा सगळ्यात मोठा अधिकार कोणाला असेल तर या मुलीला आहे. पुढे फॉक्स मरते ती तिच्या अपरोक्ष. ती बातमी मेपर्यंत पोचताना आपण पाहत नाही. ती रडली का, सुटल्यासारखं वाटलं का, का आपल्या हातून झालं नाही म्हणून चडफडली, काहीच दाखवलेलं नाही.

मला हे अन्यायाचं वाटतं. मोठ्या नावांच्या दुःखासाठी वेळ आहे आणि हिच्यासाठी नाही.

पडद्यामागे

तिसरी रांग, मुद्दा अगदी रास्त आहे. पण ते मुद्दाम केलं असेल का? ली मू बायला तरी फॉक्सला मारून काय मिळतं? तिच्या शेवटच्या वाक्यांत त्याचा उल्लेखसुद्धा नाही. ज्याने तिला मारलं त्याच्याकडे तिचं लक्षच नाही, ती जेनशी बोलतेय. सूड घेणाऱ्या कोणालाच या चित्रपटात समाधान दाखवलेलं नाही, त्सायच्या मुलीला नाही आणि लीलाही नाही.

तिसरी रांग

ते कारण म्हणून पटतं. मेसाठी वाईट वाटायचं मात्र थांबत नाही.

शब्दखूण

त्या सुईकडे येऊ या. फॉक्स सुया फेकते, ली मू बाय जवळजवळ सगळ्या तलवारीने उडवतो, एक मानेत घुसते. फॉक्स म्हणते, मरायची होती ती जेन. आणि मग तिला म्हणते, माझी एकुलती एक माणूस, माझी एकुलती एक वैरी.

काही जण म्हणतात की ही नंतरची सारवासारव आहे, तिला मारायचं होतं लीलाच. मला तसं वाटत नाही. जी बाई मरणाच्या दारात आहे आणि शत्रूला सुई लागलीय हे जिला माहीत आहे, ती ‘नेम चुकला’ असं कशाला सांगेल? उलट तिने फुशारकी मारायला हवी होती, गुरूला मारलं त्याच विषाने शिष्यालाही मारलं म्हणून. हवा तो सूड तिच्या पदरात पडला होता आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. एवढं तिचं मन जेनमध्ये अडकलं होतं.

अबोली

शब्दखूण, आणि तरी त्याआधी धबधब्यातून जेनला बाहेर काढणारी तीच. वाचवते, धुराने गुंगवते, मग मारायला बघते. घरातून पळून दोघींनी मिळून भटकायचं तिचं स्वप्न होतं, ते तिने बोलूनही दाखवलं होतं. आता आपण दोघीच एकमेकींच्या, असं. मुलगी आपली राहणार नाही हे कळल्यावर काही आया असं वागतात. सगळ्यांच्या हातात सुया नसतात, इतकंच.

पडद्यामागे

शू लिएनने जेनला का सोडलं, यावर कोणीच लिहिलं नाही अजून. माझ्यासाठी चित्रपटाचा कणा तिथे आहे.

आखाड्यातली दोघींची लढाई आठवा. शू लिएन एकामागून एक शस्त्र उचलते. दुहेरी पाती, भाला, आकड्यांच्या तलवारी. एक सोटा इतका जड की उचलताना तिचाच तोल जातो. जेनच्या हातात ग्रीन डेस्टिनी, त्यामुळे समोर येईल ते तुटतं. शू लिएनची विद्या वरचढ आहे हे प्रत्येक फेरीत दिसतं आणि प्रत्येक फेरीत तिच्या हातात तुकडा उरतो. शेवटी अर्ध्यात तुटलेली मोठी तलवार ती जेनच्या गळ्याशी आणते. आणि थांबते. त्या थांबण्याचा फायदा घेऊन जेन तिच्या दंडावर वार करते.

आता शेवट. ली मू बाय शू लिएनच्या मांडीवर गेलाय. शेवटच्या श्वासात ध्यान लावून मुक्त हो, असं ती त्याला सांगते, आणि तो तोच श्वास तिच्यावर प्रेम असल्याचं सांगण्यात खर्च करतो. जेन उतारा घेऊन धावत येते, उशीर झालाय. शू लिएन ग्रीन डेस्टिनी उचलते आणि त्याच गळ्याशी आणते. पुन्हा थांबते. फरक काय? पहिल्या वेळी हातात मोडकं पातं होतं, आता अख्खी तलवार आहे. पहिल्या वेळी जेनने थांबण्याची किंमत वार करून दिली. आता ती गुडघ्यावर बसून राहते, हलत नाही. मारलं असतं तरी चाललं असतं, असा तिचा चेहरा आहे.

सुडाचा पूर्ण हक्क, पूर्ण शस्त्र, आणि समोर न हलणारी मान. तरी हात थांबतो. थांबायचं तिला आधीपासून ठाऊक होतं. आयुष्यभर तिने तेच केलं होतं. तेच थांबणं, ज्याने तिचं आणि लीचं आयुष्य वाया घालवलं, इथे एका मुलीचा जीव वाचवतं. म्हणूनच ती पुढे जेनला सांगते की जी वाट धरशील तिथे स्वतःशी खरी राहा. जे आपल्याला जमलं नाही ते ती हिला मागतेय.

रानवाट

पडद्यामागे, दोन्ही वेळचा तो गळा मी कधी शेजारी ठेवून पाहिला नव्हता. आता परत पाहावा लागणार.

मग उडी. शेवटी जेन वुदांगवर जाते, लोबरोबर रात्र काढते, पहाटे पुलावर उभी राहते आणि स्वतःला धुक्यात सोडून देते. मला आजवर वाटत आलंय की ते प्रायश्चित्त आहे. तिच्यामुळे ली मू बाय गेला, शू लिएन एकटी पडली, आणि शू लिएनने मारलं नाही म्हणून शिक्षा तिने स्वतःच घेतली.

कोरा कागद

मला ती शिक्षा वाटत नाही. तिचा चेहरा बघा, पडतानाचा. घाबरलेला नाही, रडका नाही. तिला सगळे कुठे ना कुठे बसवायला बघतात. बाप लग्नात, फॉक्स आपल्या भटकंतीत, ली आपल्या शिष्यपदात, आणि लोसुद्धा आपल्या वाळवंटात. जिथे तिला कोणी बसवू शकणार नाही अशी एकच जागा उरली होती, हवा. उडी हे तिने पहिल्यांदाच कोणालाही न विचारता घेतलेलं पाऊल आहे.

शब्दखूण

माहिती म्हणून सांगतो. हा चित्रपट वांग दुलूच्या पाच कादंबऱ्यांच्या मालिकेतल्या चौथ्या कादंबरीवर आहे. ती १९४१-४२ मध्ये क्रमशः छापून आली. कादंबरीतही उडी आहे, पण तिथे जेन मरत नाही. पाचव्या कादंबरीत ती पुढे आहे. वडिलांच्या आजारासाठी केलेला नवस फेडायला ती डोंगरावरून उडी घेते आणि जगाच्या दृष्टीने मेलेली राहून सुटका करून घेते.

आता कोणी म्हणेल, मग झालं, प्रश्न सुटला. मला तसं वाटत नाही. अँग लीने वडिलांचा आजार काढून टाकला, नवस काढून टाकला, उडीनंतरचं काहीच दाखवलं नाही. एवढं काढून टाकल्यावर कादंबरीचं उत्तर चित्रपटाला लावता येणार नाही. नवसाचा अवशेष मात्र राहिलाय, लोच्या तोंडी.

तिसरी रांग

वाळवंटात लो तिला सांगतो ती दंतकथा ना? एका मुलाचे आईवडील आजारी असतात, तो डोंगरावरून उडी मारतो, मरत नाही, त्याला खरचटतसुद्धा नाही, तो तरंगत दूर निघून जातो. इच्छा पुरी झाली हे त्याला ठाऊक असतं. खऱ्या मनाने मागितलं तर मिळतं, असा त्या कथेचा अर्थ.

अबोली

हो. आणि त्यात एक बारीक गोष्ट आहे जी मला इथे सगळ्यांचं वाचताना सुचली. कथेतला मुलगा स्वतःसाठी उडी मारत नाही, आईवडिलांसाठी मारतो. आणि परतही येत नाही.

रानवाट

अबोलीताई, तुमचं वाचून मी आत्ता ते शेवटचं दृश्य पुन्हा लावून बघितलं. तीनदा.

पुलावर जेन लोला म्हणते, तुझी ती गोष्ट आठवते का? मग म्हणते, काहीतरी माग. तो डोळे मिटतो आणि मागतो: पुन्हा वाळवंटात जाऊ, दोघं मिळून. ती ऐकून घेते. आणि उडी मारते.

म्हणजे उडी मारणारी ती आणि मागणारा तो. कथेतल्यासारखंच. प्रायश्चित्त असेल, सुटका असेल, पण आधी तिने त्याची इच्छा विचारून घेतली आणि ती हातात धरून गेली. आयुष्यात सगळं दुसऱ्याचं उचलून नेणारी मुलगी, पुस्तकाचा अर्थ, तलवार, सगळं. इथे पहिल्यांदा दुसऱ्यासाठी काहीतरी घेऊन निघालीय.

आणि आणखी एक. तिने त्याला विचारलं, पण त्याने तिला उलटून विचारलं नाही, तुझी इच्छा काय. मी तीनही वेळा त्या क्षणाची वाट पाहिली. तो विचारत नाही. डोळे उघडतो तेव्हा ती कठड्यापलीकडे असते.